धर्मांतर ते पाळकपद (लेखांक ७): मधली तेरा वर्षे

गेल्या आठवड्यात आपण सुरतेत होतो. तापीकाठच्या इंग्रज वखारीत सतराव्या शतकात धर्मोपदेशक येत होते, राहत होते, काही तिथेच मातीत गेले. पण ते आले होते वखारीतल्या इंग्रजांसाठी. गावाशी त्यांचा संबंध बेताचाच होता. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांचे सैन्य सुरतेत शिरले तेव्हा कपुचिन पंथाचे फादर अँब्रोज यांच्या मठाला हात लावायचा नाही असा महाराजांचा हुकूम होता, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो. तो प्रसंगही आपण पाहिला. अँब्रोज यांच्याबद्दल गावात आदर होता, पण तेसुद्धा दूरदेशीचेच होते. आजच्या लेखात प्रश्न बदलतो. इथे जन्मलेला, इथली भाषा बोलणारा, इथल्या जातीपातीत वाढलेला माणूस ख्रिस्ती झाला, तर तो मंडळीचा पाळक कसा होतो? आणि त्याला किती वर्षे लागतात?

धर्मांतर केलेल्या माणसाला आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो: का? कशाच्या लोभाने, कोणाच्या भरीने, कुठल्या पुस्तकाने? मराठीत या 'का'वर भरपूर लिहिले गेले आहे. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे काय झाले, याची विचारपूस मात्र फारशी कोणी केली नाही. घर सुटलेले, जात गेलेली, नव्या मंडळीत अजून पुरता विश्वास न बसलेला, अशा अवस्थेत हे लोक पाच, दहा, कधी वीस वर्षे राहिले. माझ्या मते खरी कसोटी त्या वर्षांत होती, आणि ती एकट्या त्या माणसाची नव्हती. ज्यांनी त्याला बाप्तिस्मा दिला त्यांचीही होती.

सुरतेत लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८१५ मध्ये सुरू झाले. जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी हे दोघे पहिले. स्किनर १८२१ मध्ये वारले, फायवी राहिले. त्यांनी गुजराती शिकून बायबलचे भाषांतर केले, सुरतेतच छापखाना घातला आणि १८२३ पर्यंत संपूर्ण बायबल गुजरातीत छापून बाहेर पडले. मराठी आणि गुजराती गद्य अजून चाचपडत होते त्या काळातली ही गोष्ट. ग्रंथ असा भरभर झाला, मंडळी मात्र मूठभरच राहिली. तीस वर्षांनी, १८४६ च्या सुमारास, सोसायटीने सुरतेचे काम आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनकडे सोपवले. हे आयरिश लोक १८४१ पासून काठेवाडात, राजकोटकडे काम करत होते. सुरतेत आजही 'आय. पी. मिशन' या नावाने ओळखली जाणारी शाळा त्यांचीच.

हे हस्तांतर व्हायच्या दोन वर्षे आधी सुरतेत जे घडले त्याचा धागा थेट महाराष्ट्रात येतो. एका पारशी विद्यार्थ्याच्या ख्रिस्ती होण्याने शहरात खळबळ उडाली होती. सुरत हे पारशांचे जुने घर. तिथल्या मुलाने असे करावे हे कोणाच्याच पचनी पडेना. सभा भरल्या, वाद झाले. त्या वातावरणात २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी आणि त्यांच्या मित्रांनी 'मानव धर्म सभा' स्थापन केली. या मित्रांत एक मराठी माणूस होता: दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा तेव्हा सरकारी शिक्षक म्हणून सुरतेत होते. दुर्गाराम, दादोबा, दलपतराम, दिनमणिशंकर, दामोदरदास. पाचही नावे 'द'ची म्हणून गुजरातीत त्यांना 'पाच दद्दा' म्हणत.

सभेचे म्हणणे धीट होते. सर्व माणसांचा देव एक, धर्म एक, जात एक. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कोणत्याही धर्मातले ढोंग उघडे पाडायचे. मांत्रिकांनी आपली करामत लोकांसमक्ष सिद्ध करून दाखवावी. दर आठवड्याला उघड सभा भरे. मिशनऱ्यांच्या प्रचाराला उत्तर देता देता हे लोक आपल्याच घरातला केर काढायला लागले होते. पण १८४६ मध्ये दादोबा मुंबईस गेले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला, आणि सभा मावळली. दादोबांनी सुरतेतल्या वास्तव्यात 'धर्मविवेचन' हे पुस्तक लिहिले होते. ते छापून यायला १८६८ साल उजाडले, आणि तेव्हाही त्यावर त्यांचे नाव नव्हते. पाव शतक एक पुस्तक पेटीत राहिले. मुलाबाळांचा, जातीचा, नोकरीचा विचार करणाऱ्या सज्जन माणसाला त्या काळी किती जपून चालावे लागे, हे समजायला एवढी एक तारीख पुरे.

मुंबईत दादोबा आणि इतरांनी १८४९ च्या सुमारास परमहंस सभा काढली. सुरतेची सभा उघड भरे, ही गुप्त होती. इथे येणाऱ्याने जातिभेद मानणार नाही अशी प्रतिज्ञा करायची आणि ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा. आज हे वाचताना पावाच्या तुकड्याचे एवढे काय, असे वाटेल. त्या काळी त्या तुकड्याने माणूस पंक्तीतून उठे, त्याच्या घरी सोयरीक होत नसे, मेल्यावर खांदेकरी मिळत नसत. सभासदांची मने तयार होती. चौकात उभे राहून ते सांगण्याची तयारी फार थोड्यांची होती. पुढे सभासदांची यादी बाहेर फुटल्याची हूल उठली आणि सभा विरून गेली.

या गुप्त सभेत बेळगावचा एक तरुण येत असे. बाबा पदमनजी. जन्म १८३१, जातीने कासार, वडील सरकारी नोकरीत. घर धार्मिक, आणि मुलगा घराहूनही धार्मिक: व्रते करणारा, पोथ्या वाचणारा. शिक्षण बेळगावच्या मिशन शाळेत. ही शाळा त्याच लंडन मिशनरी सोसायटीची, जिने सुरतेत गुजराती बायबल छापले. बेळगावात तिचे काम जोसेफ टेलर यांनी उभे केले होते, आणि त्यांचे चिरंजीव जोसेफ व्हॅन सोमरेन टेलर पुढे गुजरातेत गेले, तिथे आयरिश मिशनमध्ये राहिले, गुजरातीचे व्याकरण त्यांनी लिहिले. सुरत आणि बेळगाव नकाशावर दूर वाटतात; या इतिहासात ती शेजारची गावे आहेत.

बाबा पुढे मुंबईला आले, स्कॉटिश मिशनच्या फ्री चर्च शाळेत डॉ. जॉन विल्सन आणि मरे मिचेल यांच्या हाताखाली शिकले, 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकात लिहू लागले. परमहंस सभेतही जात राहिले. बंद दाराआड पाव खाल्ला तरी सकाळी घरी जाऊन पुन्हा सोवळे नेसायचे, हे त्यांना सोसेना. त्यांच्या आत्मचरित्रात, 'अरुणोदया'त, ही घालमेल पानोपानी आहे. १८५४ मध्ये बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेविसावे वर्ष.

दादोबांनी बाप्तिस्मा कधीच घेतला नाही. ख्रिस्ताच्या शिकवणीबद्दल त्यांना मनापासून ओढ होती. स्वीडिश तत्त्वज्ञ स्वीडनबोर्ग यांच्या ग्रंथांवर १८७८ मध्ये त्यांनी इंग्रजीत आस्थेने पुस्तक लिहिले. पण ते हिंदू राहिले. सारख्याच प्रश्नांनी अस्वस्थ झालेली ही दोन माणसे, एक उंबरठ्याच्या आत थांबले, दुसरे बाहेर पडले. आत राहणारा भित्रा आणि बाहेर पडणारा शूर, असा निकाल देण्याची घाई मी करणार नाही. दादोबांनी आतून जे काम केले त्याचे मोल मोठे आहे; त्यांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन केला. त्याच १८६७ साली पुण्यात बाबा पदमनजींना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

१८५४ ते १८६७. तेरा वर्षे. त्या वर्षांत काय चालले होते?

आधी घरचे बघू, कारण तिथे सगळ्यात जास्त मोडतोड होत असे. बाप्तिस्मा झाला की जात बाहेर काढी. बायको नवऱ्याकडे येईना किंवा तिला येऊ देत नसत. वाडवडिलार्जित मालमत्तेतला वाटा जाई. १८५० चा एकविसावा कायदा झाला तेव्हा धर्म बदलल्याने वारसाहक्क जात नाही, एवढे तरी कागदावर आले. तुटलेल्या लग्नाचे काय, याला १८६६ पर्यंत उत्तर नव्हते; त्या वर्षी झालेल्या कायद्याने, धर्मांतरित जोडीदाराबरोबर राहायला दुसरा जोडीदार वर्षभर विचार करूनही तयार नसेल, तर लग्न मोडण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेणारा तरुण बारा वर्षे असा राहू शकत होता की त्याचे लग्न आहे, पण संसार नाही. आणि मंडळी तर पाळकाकडून घरसंसाराच्या आदर्शाची अपेक्षा करते.

काहींना कचेरीची पायरीही चढावी लागली. १८३९ च्या मे महिन्यात मुंबईत विल्सन यांच्या शाळेतले दोन पारशी तरुण, धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी, चार दिवसांच्या अंतराने ख्रिस्ती झाले. धनजीभाई सोळा-सतरा वर्षांचे. नातलगांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला की मुलाला डांबून ठेवले आहे, त्याला हजर करावे. भर कोर्टात, खचाखच भरलेल्या आपल्याच समाजासमोर, त्या पोराला सांगावे लागले की मी माझ्या इच्छेने इथे आहे. कोर्टाने त्याला हवे तिथे जाण्याची मोकळीक दिली. तो विल्सन यांच्याबरोबर गेला; शाळेतले पारशी विद्यार्थी निघून गेले आणि शाळा ओस पडली.

चार वर्षांनी उलटा निकाल लागला. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनच्या घरी राहायला गेला. तो लहान, म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले. मग प्रश्न आला की ख्रिस्त्यांकडे जेवलेल्या या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावे या बाजूने उभे राहिले. त्यावरून ब्राह्मणवर्गात दोन तट पडले आणि जांभेकरांनाच त्रास झाला. मोठा भाऊ पुढे पाळक झाला, जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव त्याने वसवले. लहान भावाला मात्र दोन्ही बाजूंनी ओढले गेले. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त वाईट त्या मुलाचे वाटते. वय बारा-तेराचे, आणि त्याला नेमके काय हवे आहे हे त्या गदारोळात कितीजणांच्या ध्यानात आले असेल?

आता चर्चची बाजू. पाळक होणे ही बाप्तिस्म्याची पुढची आपोआपची पायरी नसते. प्रेस्बिटेरियन पद्धतीत, म्हणजे सुरतेतल्या आयरिश आणि मुंबई-पुण्यातल्या स्कॉटिश मिशनमध्ये, चढण अशी: आधी बाप्तिस्मा, मग मंडळीत सभासद म्हणून प्रभुभोजनाला बसण्याचा हक्क. मग शाळेत शिक्षक किंवा खेडोपाडी फिरणारा उपदेशक. त्यानंतर धर्मशास्त्राचा अभ्यास, त्यात बायबलच्या मूळ भाषा, चर्चचा इतिहास, प्रवचनाची तयारी. मग पाळक आणि निवडलेले वडील यांची मिळून जी प्रेस्बिटेरी असते, तिच्यापुढे परीक्षा, आणि उतरला तर उपदेशाचा परवाना. इथवर आलेला माणूस उपदेश करू शकतो, पण बाप्तिस्मा देऊ शकत नाही, प्रभुभोजन चालवू शकत नाही. शेवटची पायरी दीक्षेची: जुने पाळक त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. आणि ती सहसा तेव्हाच होते, जेव्हा एखादी मंडळी त्याला 'आमचा पाळक हो' म्हणून बोलावते.

यातली मेख शेवटच्या वाक्यात आहे. बोलावणारी मंडळीच नसेल तर? सुरतेत तीस वर्षांनी मूठभर माणसे होती. पुण्यात, मुंबईत, नगरला फारसे वेगळे नव्हते. मूठभर माणसांनी पाळकाचा पगार कुठून द्यायचा? मिशनने दिला तर तो मंडळीचा पाळक की मिशनचा नोकर? परदेशी मिशनरीचा पगार आणि देशी पाळकाचा पगार यांत तर जमीनअस्मानाचे अंतर असे. ज्याने घर, वतन, नाते सोडले त्याला हे अंतर सलत नसेल असे म्हणता येत नाही.

दुसरी अडचण बोलून दाखवली जात नसे. मिशनऱ्यांना इथल्या माणसाचा भरवसा वाटायला वेळ लागे. तो परत जाईल, जुन्या चालीरीती आणेल, सत्ता हातात आली तर पेलणार नाही, अशी भीती. याविरुद्ध बोलणारेही त्यांच्यातच होते. इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन आणि अमेरिकेत रूफस अँडरसन यांनी एकाच सुमारास लावून धरले की मंडळीने आपला खर्च आपण करावा, आपला कारभार आपण बघावा, आपला प्रसार आपण करावा, आणि मिशनऱ्याने तिथून पुढे निघावे. अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः हिंदुस्थानात आले, अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे काम त्यांनी पाहिले. त्याच सुमारास, १८५४ मध्ये, नगरला हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघांना दीक्षा मिळाली. अँडरसन यांच्या भेटीनंतर इंग्रजी शाळांवरचा भर कमी झाला, खेड्यातल्या छोट्या मंडळ्यांवर वाढला. इंग्रजी शिक्षण आवरते घेणे ही मला चूक वाटते. शिकलेल्या पाळकांची पुढची पिढी त्यामुळे रोडावली. पण देशी माणसाच्या डोक्यावर हात ठेवायला उशीर करू नका, हा त्यांचा आग्रह योग्यच होता.

इतरांची वर्षे मांडून पाहू. धनजीभाई नवरोजी: बाप्तिस्मा १८३९, दीक्षा १८४६. सात वर्षे. मात्र त्यासाठी त्यांना एडिनबर्गला जावे लागले. १८४३ च्या आरंभी विल्सन यांच्याबरोबर ते मुंबईहून निघाले, इजिप्त, सिनाई, पॅलेस्टाईन पाहत स्कॉटलंडला पोचले आणि तिथे शिकून दीक्षा घेऊन परतले. त्यांचे आत्मकथन त्यांच्या मृत्यूनंतर, १९०९ मध्ये, एडिनबर्गहून निघाले. नारायण शेषाद्री: १८४३ ते १८५४, अकरा वर्षे. रेव्हरंड नारायण वामन टिळक: १८९५ ते १९०४, नऊ वर्षे; त्यातली पहिली चार-पाच पत्नी लक्ष्मीबाईंपासून दूर.

आणि नीळकंठशास्त्री गोऱ्हे. काशीत वाढलेले चित्पावन पंडित. मिशनऱ्यांशी शास्त्रार्थ करायला गेले आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन आले. महाराजा दुलीपसिंग यांचे शिक्षक म्हणून विलायतेला जाऊन आले, सहा दर्शनांचे खंडन करणारा 'षड्दर्शन दर्पण' हा हिंदी ग्रंथ १८६० मध्ये लिहिला. त्यांना अँग्लिकन चर्चमध्ये डीकनची दीक्षा मिळाली १८६८ मध्ये, याजकाची १८७० मध्ये. वीस-बावीस वर्षे! इथे नुसता मिशनऱ्यांना दोष देता येत नाही. गोऱ्हे यांना स्वतःलाच शंका छळत. नरकाच्या शिक्षेबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल, आपल्या योग्यतेबद्दल. ज्या बुद्धीने त्यांनी वेदान्ताची उलटतपासणी केली, तीच बुद्धी नव्या धर्मात आल्यावर गप्प बसली नाही. शंका घेऊन इतकी वर्षे टिकून राहणारा माणूस पाळक म्हणून मला अधिक विश्वासाचा वाटतो. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराच्या बाबतीत गोऱ्हे यांचा शब्द वजनदार ठरला तो काही उगाच नाही.

दीक्षा मिळाली म्हणजे विश्वास मिळाला, असेही नाही. शापूरजी एडलजी यांची गोष्ट याच धाग्यातली. मुंबईचे पारशी, १८५६ मध्ये ख्रिस्ती झाले, गुजराती-इंग्रजी कोश आणि व्याकरण लिहिले. मग इंग्लंडला गेले, तिथे दीक्षा घेतली आणि १८७६ मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वायर्ली या खेड्याचे व्हिकर झाले. इंग्रज खेड्याला पारशी पाळक! निनावी धमकीची पत्रे वर्षानुवर्षे येत राहिली. १९०३ मध्ये त्यांचा वकील मुलगा जॉर्ज याला रात्री जनावरे कापल्याच्या आरोपावरून सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तो निर्दोष आहे हे शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी १९०७ मध्ये जाहीरपणे मांडले, सरकारला माफी द्यावी लागली, आणि इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाच्या न्यायालयाचा कायदा त्याच वर्षी झाला. या सगळ्या काळात शापूरजी त्या गावचे व्हिकर राहिले, १९१८ मध्ये मरेपर्यंत. ज्यांच्यापैकी कोणी आपल्या मुलावर बालंट आणले असेल त्यांनाच दर रविवारी उपदेश करायचा, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, त्यांचे मयत पुरायचे. पाळकपण म्हणजे काय याचा इतका कठीण नमुना मला दुसरा ठाऊक नाही.

बाबा पदमनजींच्या तेरा वर्षांकडे परत येऊ. ती रिकामी गेली नाहीत. शाळेत शिकवणे, मासिके चालवणे आणि लिहिणे. १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' आले, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण जिचे नाव घेतो ती. हिंदू विधवांच्या हालांची ही कथा पाळक झालेल्या माणसाने लिहिलेली नाही. बाप्तिस्मा होऊन तीन वर्षे झालेल्या, घर गमावलेल्या, सव्विशीच्या तरुणाने लिहिली आहे. १८६० मध्ये 'शब्दरत्नावली' हा कोश केला. मंडळी हातात नव्हती तेव्हा त्यांनी भाषा हातात घेतली. पुढे पुण्यात काही वर्षे पाळकपण केले, पण प्रकृती साथ देईना, तेव्हा ते पद सोडून मुंबईत धर्मपर पुस्तके तयार करण्याचे काम त्यांनी पत्करले आणि १९०६ मध्ये मरेपर्यंत केले. शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. पाळक म्हणून ते थोडी वर्षे होते, लेखक म्हणून पन्नासहून अधिक. मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांना एका कादंबरीपुरते बसवून ठेवले आहे, हे बरे नाही. 'अरुणोदय' हे आत्मचरित्र एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मनाचा पहिल्या प्रतीचा दस्तऐवज आहे आणि ते महाविद्यालयांतून शिकवले गेले पाहिजे.

आजची चढण वेगळी आहे, पण पायऱ्या ओळखू येतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले. सुरतेची आयरिश मिशनची परंपरा आता त्याच्या गुजरात धर्मप्रांतात आहे. पाळक व्हायचे तर मंडळीची शिफारस लागते, मग धर्मशास्त्राची पदवी. बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद दिली होती. तिच्या जोरावर आजही देशभरच्या अनेक धर्मशास्त्र महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना तिथूनच पदव्या मिळतात. मराठी विद्यार्थ्यांना पुणे जवळ. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला आली. त्यानंतर उमेदवारी, मग डीकन, मग प्रेस्बिटर, आणि डोक्यावर हात बिशपचा. याखेरीज स्वतंत्र मंडळ्या आहेत. तिथे नियम सैल, कधी दीक्षा काही महिन्यांतच. इतकी घाई मला पसंत नाही. एखाद्या माणसाच्या हाती दुसऱ्यांचे आजार, कर्ज, भांडणे आणि मरण सोपवायचे, तर त्याने आधी शिकावे आणि थोडा काळ कोणाच्या तरी हाताखाली काढावा.

सुरतेत तर पाळकाला आणखी एक गोष्ट पक्की माहीत असावी लागते. गुजरातचा धर्मस्वातंत्र्य कायदा २००३ चा. त्याचे नियम २००८ मध्ये आले. त्यानुसार दुसऱ्याचे धर्मांतर करवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची आणि धर्म बदललेल्या व्यक्तीने नंतर तसे कळवायचे. २०२१ च्या दुरुस्तीने विवाहातून होणारे धर्मांतरही त्यात ओढले गेले. तिच्यातल्या काही कलमांना गुजरात उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. जबरदस्तीने किंवा फसवून कोणाचा धर्म बदलू नये, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण मनापासून ठरवलेला प्रौढ माणूस देवाकडे जाण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागावी, हे मला पटत नाही. १८३९ मध्ये सतरा वर्षांच्या धनजीभाईला न्यायाधीशाने एवढेच विचारले होते की तू आपल्या इच्छेने आहेस का. त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पुरे झाले पाहिजे.

तापीच्या वरच्या अंगाला खानदेश, खालच्या टोकाला सुरत. भुसावळहून येणाऱ्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या मागांवर कामाला गेली. लिंबायत, उधना, पांडेसरा इथे मराठी कानावर पडते, पालिकेच्या मराठी शाळा आहेत. वाटेत नवापूर, जिथे दोन राज्यांची हद्द स्टेशनातूनच जाते, आणि त्या पट्ट्यात भिल्ल, गावित, कोकणी समाजांतल्या ख्रिस्ती मंडळ्या. या पट्ट्यातल्या पाळकाला मराठी, गुजराती आणि घरची बोली अशा तीन भाषांत प्रार्थना करता यावी लागते. त्याला ना विलायत लागते, ना ग्रीक येण्याची वाट पाहावी लागते. त्याच्या मंडळीला लागतो तो रात्रपाळीवरून आलेल्या माणसाचे ऐकून घेणारा कोणी तरी.

आजच्या लेखात एकही स्त्री पाळक आली नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. एकोणिसाव्या शतकात घराघरांत जाऊन वाचून दाखवणाऱ्या, आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या, मुलींना शिकवणाऱ्या ख्रिस्ती बायका शेकड्यांनी होत्या आणि मंडळीचे निम्मे काम त्यांच्यावर होते. पुढच्या आठवड्यात त्यांच्याबद्दल. सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांपासून करू: त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, आणि पाळकपदाची दीक्षा त्यांना कधीच मिळाली नाही.